पोरगं परत परत ९८ ला १०२ पेक्षा मोठं म्हणतंय? आधी चूक नेमकी कुठली ते पकडा

मी नाशिकला सिडकोत घरीच पहिली ते तिसरीच्या मुलांचे क्लास घेते, आणि आयांकडून सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही, की ताई लहान-मोठी संख्या शिकवली, त्या दिवशी पानभर बरोबर सोडवलं, चार दिवस गेले की परत ये रे माझ्या मागल्या, ९८ मोठी आणि १०२ लहान. मग आई परत नियम सांगते, परत पानभर सोडवून घेते, परत जमतं, परत जातं. शेवटी खापर कशावर तर पोरगं धांदरट आहे, लक्ष नाही, सारखं मोबाईल बघतं. बघत असेलही, पण ही चूक मोबाईलची नाही.

होतं काय की मूल तुलना बरोबरच करत असतं, फक्त ते संख्यांची तुलना करत नसतं, सुट्या सुट्या अंकांची करत असतं. ९८ म्हणजे त्याच्या लेखी एक नऊ आणि एक आठ, १०२ म्हणजे एक, शून्य आणि दोन, आता यात नऊ सगळ्यात दांडगा दिसतोय मग ९८ मोठी, त्याच्या हिशोबाने काही चुकलेलंच नाही. वरून तुम्ही "ज्यात अंक जास्त ती मोठी" आणि "डावीकडून बघायचं" असले नियम कितीही चिकटवा, ते पाठ होतात आणि पाठ केलेलं सुट्टीत विसरलं जातं. म्हणून ही तक्रार दिवाळीनंतर आणि मे महिन्यानंतर जास्त येते.

आधी एक तपासणी करा, दोन मिनिटं लागतात. कागदावर १६ लिहा आणि समोर सोळा चिंचोके ठेवा, बटणं चालतील, राजमा चालेल, काहीही. मुलाकडूनच मोजून घ्या म्हणजे सोळा आहेत याबद्दल वाद नको. आता ६ वर बोट ठेवून विचारा, हा जो आकडा लिहिलाय तो यातल्या कुठल्या चिंचोक्यांचा, दाखव. सहा बाजूला काढेल. मग १ वर बोट ठेवा आणि तेच विचारा. बरीच पोरं एकच चिंचोका उचलतात, उरलेले नऊ तसेच पडलेले असतात आणि त्या नवांचं काय हा प्रश्न त्यांना पडतच नाही. तुम्ही विचारलंत तर "ते जास्तीचे आहेत" असंही सांगतात, अगदी ठामपणे. ही युक्ती माझी नाही बरं का, कॉन्स्टन्स कामी म्हणून एक संशोधिका होत्या त्यांनी मुलांना असं विचारून बघितलं होतं आणि शिक्षणाच्या क्षेत्रात ते चांगलंच माहितीतलं आहे. तर ज्या मुलाने १ ला एक चिंचोका दिला त्याला लहान-मोठेपणाचा नियम शिकवणं आत्ता थांबवा, त्याचा काही उपयोग नाही, त्याचं दशकच अजून झालेलं नाही.

आता वर्कशीटची गोम. बाजारात मिळणाऱ्या वह्यांमध्ये आणि शाळेतून येणाऱ्या झेरॉक्समध्ये ७२ आणि ४१, ८६ आणि ५३ असल्या जोड्या भरलेल्या असतात. या जोडीत मूल पहिला अंक बघो, शेवटचा बघो नाहीतर दोन्ही अंकांची बेरीज करो, उत्तर बरोबरच येणार! म्हणजे पानभर बरोबरच्या खुणा आणि डोक्यात काय चाललंय कोणालाच माहीत नाही. तुमचं "त्या दिवशी सगळं येत होतं" ते बहुतेक वेळा असंच आलेलं असतं.

म्हणून जोड्या अशा द्यायच्या की चुकीच्या रस्त्याने गेलं तर उत्तर चुकलंच पाहिजे. ४१ आणि ३९ द्या. ३९ मोठी म्हणाला तर तो एक तर शेवटचा अंक बघतोय (नऊ आहे ना!) किंवा अंकांची बेरीज करतोय, चार अधिक एक पाच आणि तीन अधिक नऊ बारा. दोन्हीतलं कुठलं ते कळायला ६२ आणि ३४ द्या, शेवटचा अंक बघणारा ३४ म्हणेल, बेरीज करणारा ६२ म्हणेल. अंकांची बेरीज करणारी मुलं असतात का असं वाटेल, असतात, आणि ती बेरजेत हुशार असतात म्हणूनच असं करतात. मग १०२ आणि ९८. ज्याने ४१-३९ बरोबर सांगितलं आणि इथे चुकला तो पहिला अंक बघायला शिकलाय पण तो अंक कुठल्या घरात बसलाय ते बघत नाहीये, म्हणजे "डावीकडून बघ" हा नियम त्याला आपणच दिलाय आणि तोच आता नडतोय. त्याच्यापुढे ३०५ आणि २९९, मग १००० आणि ९९९. उत्तर आलं की बरोबर-चूक काही बोलू नका, फक्त "कशावरून?" विचारा. चेहरा सरळ ठेवायचा, आईचा चेहरा बघून उत्तर बदलणारी मंडळी असतात ही.

आता यातही एक भानगड आहे. दरवेळी चूक तुलनेची नसतेच, कधी ऐकण्याची असते, कधी लिहिण्याची, आणि आपण तुलनेवर औषध करत बसतो.

तोंडी विचारा, चौतीस मोठे की त्रेचाळीस? चौ म्हणजे चार आणि त्रे म्हणजे तीन, आधी कानावर पडतात ते एकक, म्हणून पोरगं पटकन चौतीस म्हणून मोकळं. हेच लिहायला सांगितलं तर त्रेचाळीसचे ३४ लिहितं. आणि एकोण तर विचारूच नका, एकोणपन्नासचे ५९ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतील, पन्नास ऐकलं, पाच लिहिलं, नऊ चिकटवले. मग एकोणपन्नास आणि बावन्न दिले की तो ५९ आणि ५२ ची तुलना करतो, ती बरोबर करतो, आणि तुम्ही म्हणता चुकला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन, साठ तीन असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत थट्टा झाली त्याची, पण गणित समितीच्या मंगला नारळीकर जे सांगत होत्या ते याच अडचणीबद्दल होतं. आणि पुस्तकात जुनी नावंही होतीच. मी स्वतः दोन्ही वापरते. आधी "चाळीस तीन म्हणजेच त्रेचाळीस" असं जोडीने म्हणायचं, आणि मूल रुळलं की नुसतं त्रेचाळीस. भाषेला काही होत नाही त्याने.

सेमी इंग्लिशवाल्यांची गंमत वेगळी, त्यांचं फोर्टीन आणि फोर्टी एकसारखं ऐकू येतं, वर शाळेत फोर्टी थ्री, घरी आजोबा त्रेचाळीस आणि क्लासला मी चाळीस तीन. असल्या मुलाला तुलना शिकवायच्या दिवसांत एकच भाषा धरा, कुठली का असेना.

शतकात गेल्यावर लिहिण्याची चूक येते. तीनशे पाच सांगितलं की ३००५, कारण तीनशे म्हणजे ३०० आणि मग ५, जसं ऐकलं तसं लिहिलं. आता ३५० शी तुलना केली तर तो ३०५ ला मोठं म्हणणार, चार अंक दिसतायत ना त्याला. इथे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची कार्डं करा, घरात ढिगाने पडलेली असतात. शतकाचं लांब कार्ड, त्यावर ३००, दशकाचं त्याहून आखूड, ५०, एककाचं सगळ्यात आखूड, ५. तीनशे पाचसाठी ३०० आणि ५ ची कार्डं उजव्या कडा जुळवून एकावर एक ठेवली की ३०० च्या शेवटच्या शून्यावर ५ बसतो आणि दिसतं ३०५. कार्ड उचललं की शून्य परत दिसतो. हे उचलून बघणं मुलांना फार आवडतं, तीच गोष्ट शंभरदा करतात, करू द्या.

आणि देवनागरी आकडे नवीन शिकलेली मुलं ३ आणि ६ उलटे काढतात, ते आरशातल्यासारखे आहेतच, १ आणि ९ चाही घोळ होतो. लिहिलेलं तोंडाने वाचून घेतलं की कळतं. ही चूक आपोआप जाते, तिच्यावर वेळ घालवू नका.

चिन्हाचंही तेच. कित्येकदा मुलाला मोठी संख्या कुठली ते पक्कं माहीत असतं पण चिन्ह उलटं काढतो आणि शिक्षक लाल फुली मारतात. मगरीचं तोंड मोठ्या संख्येकडे, हे सगळ्यांनी शिकवलेलं असतं, पण मग मुलाचं अर्धं लक्ष मगर काढण्यात जातं, दात सुद्धा काढतात. मी आधी मोठ्या संख्येला नुसता गोल करायला लावते, चिन्ह नाहीच. ते पक्कं झालं की मोठ्या संख्येच्या बाजूला वर-खाली दोन टिंबं, लहान संख्येच्या बाजूला एक टिंब, आणि टिंबं जोडायची. चिन्ह आपोआप बरोबर येतं.

आता मुख्य औषध, आणि इथे घाई नको. काड्या घ्या, आइस्क्रीमच्या, खराट्याच्या, कसल्याही, आणि छोटे रबरबँड. दहा मोजायच्या आणि रबर लावायचा, हे मुलाने स्वतः करायचं, तुम्ही आयते गठ्ठे करून दिलेत तर त्याच्यासाठी तो गठ्ठा म्हणजे नुसती एक जाड काडी. कंटाळा येतो, रबर उडतात, एखाद्या गठ्ठ्यात नऊच निघतात, सगळं होऊ द्या. नऊच निघालेला गठ्ठा तर हातात धरून चर्चा करण्यासारखा असतो.

मग ३९ आणि ४१ मांडायच्या, शेजारी शेजारी. तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या, चार गठ्ठे आणि एक सुटी. मोठी कुठली? शेवटचा अंक बघणारं मूल इथेही सुट्यांकडे बोट दाखवतं, "इकडे बघा किती आहेत." वाद घालू नका. म्हणा, बरं, मग या सगळ्या सुट्यांचा एक गठ्ठा बांध बघू. तो मोजतो, सात, आठ, नऊ... आणि थांबतो. "एक कमी पडतेय." मग दोन्हीकडचा एकेक गठ्ठा जोडीने बाजूला करायला सांगा, इकडचा एक तिकडचा एक, तीन जोड्या गेल्या, आता एका बाजूला नऊ सुट्या आणि दुसऱ्या बाजूला एक अख्खा गठ्ठा वर एक सुटी. आता काही सांगावं लागत नाही. डावीकडूनच का बघायचं याचं कारण एवढंच आहे, सुट्या जास्तीत जास्त किती तर नऊ, आणि नऊ सुट्या मिळून एक गठ्ठा सुद्धा होत नाही. हे कारण हाताला कळलं की नियम सांगायची गरज राहत नाही. आणि कारण न कळता नियम सांगितला तर तुम्ही परत मला फोन करणार.

याच्यावर एक छान खेळ होतो. दोन संख्या काड्यांनी मांडायच्या आणि सगळ्या सुट्यांवर वर्तमानपत्र झाकायचं. फक्त गठ्ठे दिसतायत. आता मोठी कुठली सांगता येईल का? पाच गठ्ठे आणि सात गठ्ठे असले तर येतं, कागद उचलायची गरजच नाही, खाली काही का असेना. पण सहा आणि सहा असले तर? काही मुलं तरीही उत्तर देतात, काही म्हणतात "आता कागद उचलावाच लागेल", हे वाक्य ज्या दिवशी आलं त्या दिवशी काम झालं समजा. मग तेच कागदावर, ६४ आणि ६७ लिहून एककाच्या अंकावर बोट ठेवून झाकायचं.

शतकासाठी दहा गठ्ठ्यांना मोठा रबर. ९८ मांडा, त्यात मुलाला एकेक काडी घालायला लावा, नव्याण्णव, आणि पुढच्या काडीला सुट्यांचा गठ्ठा होतो आणि लगेच गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा होतो, दोन रबर एकामागोमाग. अजून दोन काड्या, १०२. क्रिकेटवेडा मुलगा असेल तर एवढंही नको, ९८ वर आउट झाला तर सेंच्युरी झाली का विचारा, तुमच्याकडे बघतच राहील.

नोटा मात्र काड्यांच्या नंतर. बऱ्याच जणी थेट नोटांनी सुरू करतात, पण दहाच्या नोटेत दहा एक-रुपये दिसत नाहीत, गठ्ठ्यात दहा काड्या दिसतात, हा फरक आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. शिवाय हल्ली सगळीकडे क्यूआर कोड, भेळवाल्याकडे सुद्धा, पोरांनी सुटे पैसे हातात घेतलेलेच नसतात. नोटा छापायचा कारखाना आपल्या नाशिकरोडला, १९२८ पासून छापतायत, आणि आपल्याच पोरांना शंभराचे सुटे माहीत नाहीत, चालायचंच. तर काड्यांनी जमलं की खोट्या नोटा घ्या. एका हातात दहाच्या नऊ नोटा आणि आठ नाणी, दुसऱ्या हातात शंभराची एक नोट आणि दोन नाणी. "कुठला हात पाहिजे?" संख्या किती कागदांची आहे ते नाही, कुठल्या कागदांची आहे ते बघायचं, हे इथे पक्कं होतं.

शेतकऱ्यांच्या घरची पोरं यात तयार असतात. निफाडकडून येणारं एक पोरगं वहीत ९८५ आणि १२५० मध्ये अडकायचं, त्याला विचारलं समजा लासलगावला कांदा क्विंटलला ९८५ ने गेला आणि दुसऱ्या दिवशी १२५० ने, कधी विकायचा? "दुसऱ्या दिवशी, हे काय विचारणं झालं." तोंडी हिशोब पक्का, कागदावर आला की अंक सुटे व्हायचे. अशा मुलाला काड्या कमी आणि "वाच, किती रुपये ते सांग" जास्त.

तीन-चार अंकांत परत चूक येणार, हे धरूनच चाला, घाबरू नका. माझी आवडती जोडी कळसूबाई आणि साल्हेर, १६४६ मीटर आणि १५६७ मीटर. शेवटचा अंक बघा, शेवटचे दोन बघा, बेरीज करा, सगळे चुकीचे रस्ते साल्हेरवर जातात, फक्त हजार सारखे, मग शतक सहा आणि पाच, इथे थांबलं तरच कळसूबाई. इथे थांबायचं हे महत्त्वाचं, काही मुलं शतकाला निकाल लागला तरी पुढे दशक-एकक बघत जातात आणि ६७ बघून मत बदलतात. परत वर्तमानपत्राचा खेळ, निकाल लागला की उरलेलं झाकून टाका.

सरावासाठी वर्कशीटपेक्षा चिठ्ठ्या बऱ्या. ० ते ९ च्या चिठ्ठ्या एका डब्यात, दोघांनी श, द, ए असे तीन रिकामे चौकोन आखायचे, एकेक चिठ्ठी काढून लगेच कुठल्यातरी घरात लिहायची, नंतर बदलायचं नाही, मोठी संख्या झाली तो जिंकला. पहिलाच ९ आला तर शतकात टाकायचा, २ आला तर एककात ढकलायचा, आणि ५ आला की खरी पंचाईत. दादा-ताईंना घेऊन बसा, मोठ्यांनाही चढते. आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकलात की पुढच्या एमएच १५ गाड्यांच्या नंबरांची तुलना. तिथे एखादी ००४५ वाली गाडी दिसली तर सोडू नका, चार अंक आहेत तरी पंचेचाळीसच, "जास्त अंक ती मोठी" म्हणणाऱ्याला तिथेच अडवा.

कितीपर्यंत यायला हवं म्हणाल तर २०२१ ला आलेल्या निपुण भारतमध्ये (लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीची केंद्र सरकारची मोहीम) पहिलीच्या शेवटी ९९, दुसरीला ९९९ आणि तिसरीला ९९९९ पर्यंत वाचता-लिहिता यावं असं धरलंय. पण तिसरीतलं मूल सोळा चिंचोक्यांत अडकत असेल तर त्याला चार अंकी देऊ नका, सरळ काड्यांवर आणा, तिसरीत आहे म्हणून लाज वाटू देऊ नका त्याला. आणि काड्या हातात असूनही, समोरच्या पाच आणि नऊच्या ढिगातला मोठा ढीग न मोजता ओळखता येत नसेल, तेही बरेच दिवस, तर मात्र शाळेत बोला आणि तज्ज्ञांना दाखवा, ते घरच्या सरावाचं काम नाही.

मोठ्या भावंडांच्या आयांसाठी एक. पुढे दशांश अपूर्णांक आले की हीच तक्रार नव्या रूपात येते, ३.२५ मोठे आणि ३.५ लहान, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे आणि अंकही जास्त. तिथे ३.५ च्या पुढे शून्य लिहून ३.५० करा आणि टिंबाच्या लगेच पुढचं घर आधी बघायला लावा, बाकीचं झाकून, वर्तमानपत्राऐवजी बोटाने.